दूरच्या नगराची भूक

एखादें मोठें शहर वाढूं लागलें म्हणजे त्याच्या वाढीचा भार कोणी तरी उचललाच पाहिजे. शहरांत धान्य पिकत नाहीं, कापूस वेंचला जात नाहीं, लांकूड तोडलें जात नाहीं. तेथें या सर्वांचा उपभोग मात्र होतो. हा उपभोग ज्यांच्या श्रमांवर चालतो त्या दूरच्या प्रांताला त्यापासून कांहीं लाभ होतो, कीं तो प्रांत केवळ रिता होत जातो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा म्हणून समजला जातो. आमच्या मतें तो अर्थशास्त्राहून नीतिशास्त्राचा अधिक आहे; कारण ‘लाभ’ या शब्दाचा अर्थ ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतांच येत नाहीं, आणि तो अर्थ केवळ आंकड्यांनी ठरत नाहीं.

प्राचीन काळांतलें याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रोम. ऑगस्टसच्या काळीं त्या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरांत गेली होती, असा बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. पश्चिम युरोपांत तेवढें शहर पुन्हां दिसावयास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचें लंडन उजाडावें लागलें. रोमच्या दोन लाखांहून अधिक नागरिकांना सरकारी कोठारांतून धान्य फुकट मिळे, ही गोष्ट स्वतः ऑगस्टसनेंच आपल्या कारकीर्दीच्या हकिगतींत अभिमानानें नमूद केली आहे. तें धान्य सिसिली, उत्तर आफ्रिका आणि ईजिप्त येथून येई, आणि त्यांतलें पुष्कळसें विकत घेतलेलें नसे, कर म्हणून उचललेलें असे. ईजिप्तच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें रोमच्या वैभवाचा अर्थ काय? तर नाईलच्या गाळांत राबून पिकविलेला गहूं दरसाल समुद्रापार जातो, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्या झोंपडीपर्यंत कांहीं येत नाहीं.

अशा शहराला सोंबार्ट व वेबर या जर्मन पंडितांनी ‘उपभोगी नगर’ असें म्हटलें. १९७३ मध्यें केंब्रिजचे मोझेस फिन्ली यांनी प्राचीन अर्थव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथांत तीच कल्पना पुढें चालविली. खेड्यांकडून शहर जें घेई तें मुख्यतः कर व खंड यांच्या हक्कानें घेई, मालाच्या बदल्यांत नव्हे, असा त्यांचा आशय. १९८० मध्यें कीथ हॉपकिन्स यांनी याची दुसरी बाजू मांडली. ते म्हणतात, रोकड कर भरावयाचा तर प्रांतानें रोकड मिळविलीच पाहिजे. ती मिळविण्यासाठीं प्रांतांनी अधिक पिकविलें, अधिक विणलें, अधिक विकलें. म्हणजे करानेंच व्यापाराला चालना दिली. हा युक्तिवाद आम्हांस मोठा चतुर वाटतो, आणि त्यांत तथ्यहि आहे. तथापि ज्या बैलाला पराणी टोंचली तो अधिक वेगानें चालला, एवढ्यावरून पराणी त्याच्या कल्याणाची होती असें सिद्ध होत नाहीं.

हा वाद भूमध्यसमुद्राच्या कांठीं ठेवून आपण सावित्रीच्या कांठीं येऊं. वज्रेश्वरी, उन्हेरें, सव, उन्हवरें, आरवली, तुरळ, राजापूर अशी ऊन पाण्याच्या झऱ्यांची जी ओळ कोंकणांत उत्तरेकडून दक्षिणेकडे लागते, तींतलें सव हें गांव महाडपासून जवळच सावित्रीच्या कांठीं आहे. येथें बाणकोटच्या खाडीची भरती आंतवर येते. तिच्या पाण्यावर गलबतें पूर्वीं थेट महाडपर्यंत येत. मागें सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतींत वरंध्याची व पोलादपुराकडून पारघाटाची अशा वाटा देशावर चढतात. जेथें बैलाची पाठ संपते आणि होडीचें पोट सुरू होतें अशी ही जागा. म्हणून व्यापार जेव्हां जेव्हां वाढला तेव्हां तेव्हां येथें वस्ती वाढली.

याचा पुरावा दगडांत कोरलेला आहे. महाडजवळ पाले गांवाच्या डोंगरांत गांधारपाल्याचीं लेणीं आहेत, आणि नदीपलीकडे कोल येथें लहानसा दुसरा समूह आहे. पाल्याच्या एका लेखांत कानभोअ वेण्हुपालित नांवाच्या कुमारानें दिलेल्या देणगीची यादी आहे: लेणें, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, दोन्ही बाजूंस पाण्याच्या दोन पोढ्या, आणि लेण्यास लागून एक वाट. दुसऱ्या एका लेखांत संघरक्षित नांवाच्या श्रेष्ठीच्या पुत्राचें दान असून त्यानें लेण्याच्या निर्वाहासाठीं शेतजमीनहि लावून दिली आहे. राजपुत्र आणि शेटजी एकाच डोंगरांत शेजारीं शेजारीं पुण्य मिळवीत आहेत, हें दृश्य इसवी सनाच्या पहिल्या कांहीं शतकांतल्या कोंकणाचें खरें चित्र आहे. उत्तरेस राजपुरीच्या खाडीवर कुडें येथें तर कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचें नांव कोरलेलें आहे. कऱ्हाडचा लोहवणिक् घाट उतरून समुद्रकांठीं लेण्याला देणगी देतो, याचा अर्थ त्याचा माल त्या वाटेनें जात होता आणि त्यांत त्याला बरकत होती.

ही बरकत कोठून आली? इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधल्या एका ग्रीक खलाशानें, किंवा व्यापाऱ्यानें म्हणा, लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ प्रसिद्धच आहे. पैठणहून अकीक आणि तगर म्हणजे तेर येथून जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांत घालून भडोचला नेत, असें तो सांगतो. कल्याणच्या दक्षिणेस तो चेऊल धरून अनेक बंदरांचीं नांवें घेतो. त्यांतलें ‘पालैपत्मै’ म्हणजे आमचें हें पालेंच, असा तर्क १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरकारांनी केला आहे. कित्येक विद्वान तें नांव दाभोळला लावतात. नांव कोणाचेंहि असो, आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच गोष्टीकडे. भडोचविषयीं लिहितांना हा ग्रंथकार ओहोटीभरतीच्या धोक्यापासून राजाच्या आवडीच्या मद्यापर्यंत सर्व कांहीं सांगतो. या लहान बंदरांना मात्र तो एका वाक्यांत ओंवून पुढें जातो. कोणता माल, कोण लोक, कशाची टंचाई, यांचा उल्लेख नाहीं. दूरच्या बाजारपेठेच्या दृष्टींत प्रांताला एवढेंच अस्तित्व असतें.

कोंकण हा रोमचा प्रांत कधींच नव्हता, ही गोष्ट येथें विसरतां कामा नये. ईजिप्तचा गहूं रोमनें हक्कानें नेला. आमच्याकडून जें गेलें त्याची किंमत मिळाली. त्याच किंमतीविषयीं रोमच्या नीतिवाद्यांनी केवढा आक्रोश केला! इसवी सन २२ मध्यें टायबेरियस बादशहानें सीनेटला लिहिलेल्या पत्रांत, स्त्रियांच्या रत्नांपायीं आपला पैसा परक्यांकडे जातो अशी तक्रार आहे. पुढें प्लिनीनें लिहिलें कीं हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि तेथला माल रोममध्यें मूळ किंमतीच्या शंभरपटीनें विकला जातो. हीं वाक्यें आमच्याकडील इतिहासलेखकांस फार प्रिय आहेत. रोमचें सोनें आमच्याकडे वाहत आलें हें सांगतांना त्यांची लेखणी थोडी नाचतेच. आम्ही स्वतः वर्गांत हा भाग शिकवितों तेव्हां विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात, आणि तें आम्हांस वाईटहि वाटत नाहीं.

परंतु प्लिनीच्या दुसऱ्या वाक्याकडे जरा थांबून पहावें. शंभरपट हा आंकडा अलंकारिक असेल. तो दहापट धरला तरी प्रश्न तोच. वस्तूची किंमत रोममध्यें शंभर आणि येथें एक असेल, तर मधले नव्याण्णव कोणाचे? व्हिएन्ना येथें जतन केलेला, १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेला दुसऱ्या शतकांतला एक पपायरस या प्रश्नाचें अर्धें उत्तर देतो. मलबारांतल्या मुझिरिसहून ईजिप्तला गेलेल्या ‘हर्मापोलोन’ नामक जहाजाच्या मालाची किंमत त्यांत मांडली आहे. चौथाई जकात वजा जातांहि ती ईजिप्शियन नाण्यांत सुमारें ६९ लाख द्राख्मा भरते. एका जहाजाची ही गोष्ट. चौथाई बादशहाची, मोठा वाटा कर्ज देणाऱ्या सावकाराचा, मग जहाजवाला, वाळवंटांतला उंटवाला, अलेक्झांड्रियाचा दलाल. अलीकडच्या तीरावरहि तीच गत. नाणेघाटांत जो दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो त्याची कथा खरी असो वा नसो, घाटांतून उतरणाऱ्या मालावर राजाचा हात असे यांत शंका नाहीं. आणि राजे भांडूं लागले म्हणजे काय होई तेंहि पेरिप्लसकारच सांगतो: कल्याणचें बंदर पूर्वीं खुलें होतें, पुढें तेथें अडथळा झाला आणि चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेऊं लागले. कल्याणच्या हमालानें कोणताहि गुन्हा केला नव्हता. त्याची मजुरी मात्र बुडाली.

उलट येणाऱ्या मालाची यादी तितकीच बोलकी आहे. इटलीची दारू, पोंवळें, कांच, तांबें, कथील, शिसें. आणि खास राजासाठीं रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें, अंतःपुरासाठीं सुंदर दासी. कोल्हापुरास ब्रह्मपुरींत सांपडलेली समुद्रदेवतेची सुबक कांस्यमूर्ति पहावयास मनोहर आहे, पण ती कोणा नांगरधऱ्याच्या घरांत नव्हती. नेवाशासारख्या ठिकाणीं सांपडलेल्या मद्यकुंभांच्या तुकड्यांचें अलीकडे पुन्हां परीक्षण झालें, तेव्हां त्यांतले कित्येक रोमन नसून मेसोपोटेमियाकडचे निघाले. पण इराकची असो कीं इटलीची, दारू पिणारा वर्ग तोच. शिशाची गोष्ट थोडी निराळी आहे. सातवाहनांचीं लहान नाणीं शिशाचीं व पोटीनचीं होतीं, आणि बाहेरून आलेलें शिसें त्यांच्या कामीं आलें असावें. खेड्यांतल्या बाजारांत चिल्लर खेळूं लागली हा लाभ क्षुल्लक नव्हे. ज्याच्या हातीं चिल्लर आहे तो धन्याच्या मेहेरबानीपासून थोडा तरी सुटतो.

आतां आमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतों. हा व्यापार न्याय्य होता असें म्हणणाराचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे हीं लेणींच. नफा झाला, तो लोकोपयोगी धर्मकृत्यांत परत आला, असें तो म्हणेल. या म्हणण्याची परीक्षा नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखावर चांगली होते. क्षहरात नहपानाच्या या जांवयानें तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली: एकीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक व्याजानें; दुसरीकडे एक हजार, शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. मुद्दल परत करावयाचें नाहीं. केवळ व्याज भोगावयाचें. हिशेब सरळ आहे. कोष्ट्यांनी वर्षाला २४० आणि ९० मिळून ३३० कार्षापण द्यावयाचे. दहाव्या वर्षाच्या आरंभींच मूळ ठेवीइतकी रक्कम त्यांच्या हातून निघून जाते, आणि देणें तर चंद्रसूर्य असेपर्यंत आहे. लेखांत नांव उषवदाताचें. धोटा चालविणाऱ्याचें नांव त्यांत नाहीं.

हें वाचून मन एकदम कडू होतें. पण कडवटपणा म्हणजे विचार नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धर्म्य व्याज दरमहा शेंकडा सव्वा सांगितलें आहे, व्यापारी व्याज पांच, अरण्यांतून माल नेणाराला दहा, आणि समुद्रावर जाणाराला वीस. त्या मानानें शेंकडा एक आणि पाऊण हे दर सौम्यच म्हणावयाचे. श्रेणीला स्वस्त भांडवल मिळालें. त्यावर तिनें सूत घेतलें, माग वाढविले. आणि राजाचा जांवई ज्या संस्थेकडे पिढ्यानुपिढ्यांची ठेव विश्वासानें ठेवितो तिची पत कांहीं सामान्य नव्हे. तो एकट्या विणकराकडे गेला नाहीं, श्रेणीकडे गेला. श्रेणी हा कोष्ट्यांचा स्वतःचा संघ होता, सौदा करण्याची ताकद त्याच्यापाशीं होती. म्हणून आमचा कौल असा कीं, त्या ठेवीनें कोष्ट्यावर उपकार झाला नाहीं, तशी त्याची लूटहि झाली नाहीं. एक व्यवहार झाला, आणि त्यांत दोघांसहि कांहीं मिळालें. अन्याय व्यवहारांत नाहीं, अन्याय आहे तो पुण्याच्या वांटणींत. व्याज कोष्ट्याच्या घामाचें, आणि पुण्य ठेवीदाराचें, ही जमाखर्चाची पद्धत आम्हांस मान्य नाहीं. पाल्याच्या शेटजीनें शेत लावून दिलें तेव्हां त्या शेतांत भात लावणारी माणसें होतीं. दात्यांच्या यादींत त्यांस जागा मिळावयास हवी होती.

येथें दादाभाई नौरोजींचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. इंग्रजी राज्यांत हिंदुस्थानचें द्रव्य बाहेर वाहून जातें हा त्यांचा सिद्धांत १९०१ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथानें सर्वतोमुखीं झाला. वरवर पाहतां प्लिनीची तक्रार आणि दादाभाईंची तक्रार एकच, फक्त दिशा उलटी. वस्तुतः दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. प्लिनीच्या रोमनें सोनें देऊन आपल्या पसंतीचा माल घेतला. तो हवा नसता तर न घेण्याची त्यास मोकळीक होती. दादाभाईंच्या हिंदुस्थानला जें द्यावें लागलें त्याच्या मोबदल्यांत कांहीं मिळालें नाहीं, आणि नाहीं म्हणण्याची सोयहि नव्हती. म्हणजे प्रवाह कोणत्या दिशेनें वाहतो यावर न्याय ठरत नाहीं. नाकारण्याचा अधिकार कोणापाशीं होता यावर ठरतो. सावित्रीकांठच्या माणसाला ही कसोटी लावली म्हणजे चित्र बरेंच संमिश्र होतें. श्रेष्ठीला तो अधिकार होता. श्रेणीच्या विणकराला थोडाबहुत होता. धक्क्यावर पाठीनें ओझीं वाहणाराला, आणि त्या जहाजांतून उतरविलेल्या गाणाऱ्या मुलांना, तो मुळींच नव्हता. ‘प्रांताला लाभ झाला’ या वाक्यांतला ‘प्रांत’ हा शब्द इतक्या भिन्न माणसांना एका पांघरुणाखालीं झांकतो कीं, इतिहासाच्या पुस्तकांत तो जरा बेतानें वापरावा असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न रोमबरोबर संपला असता तर त्यावर इतकें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. १८५४ मध्यें मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि त्यानंतर शंभरसवाशें वर्षें कोंकणच्या खेड्यांतून, महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतूनहि, तरुण माणसें त्या शहराकडे गेलीं. या वेळीं प्रांतानें कापड पाठविलें नाहीं, अकीक पाठविला नाहीं, माणूसच पाठविला. परत येई ती मनिऑर्डर. तिच्यावर घराचीं कौलें बदललीं, बहिणींचीं लग्नें झालीं, मुलांच्या शाळा झाल्या. आणि भातशेती बायका व म्हातारे यांच्यावर पडली. त्या भागांतल्या कोणत्याहि देवळाच्या सभामंडपांत गेलें असतां भिंतींतल्या फरशांवर, पंख्यांवर, घंटेवर चाकरमान्यांचीं नांवें दिसतात: अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक मंडळ, मुंबई. पाल्याच्या लेण्यांतल्या लेखांशीं त्यांचें नातें फार जवळचें आहे. फरक एवढाच, आणि तो आम्हांस मोलाचा वाटतो, कीं येथें घाम ज्याचा त्याचेंच नांव फरशीवर आहे.

मग आतां कारखाने खुद्द महाडला आले. औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने उभे राहिले, आणि शहराची भूक घाट व खाडी ओलांडून स्वतःच प्रांताच्या अंगणांत आली. रोजगार आला हें खरें. सावित्रीचें पाणी बिघडल्याच्या तक्रारीहि मासे धरून पोट भरणाऱ्यांनी वारंवार केल्या हेंहि तितकेंच खरें. येथें पुन्हां तीच कसोटी. जो कारखान्यांत नोकरीस लागला त्यानें एक व्यवहार केला. ज्यानें खाडींत जाळें टाकलें त्याला कोणी विचारलेंच नव्हतें.

एक आक्षेप मात्र विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, नाकारण्याचा अधिकार हें सुखवस्तु माणसाचें तत्त्वज्ञान आहे. उपाशी माणसाला निवड नसते, म्हणून त्याला मिळणारी प्रत्येक मजुरी अन्यायाची ठरवाल काय? नाहीं. निवड नसते हें आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच मागणी असतांना काय मिळालें याबरोबर, ती आटल्यावर हातांत काय उरलें, हेंहि पहावें असें आमचें म्हणणें आहे. रोमशीं चालणारा व्यापार तिसऱ्या शतकापासून मंदावला. पुढें हिंदुस्थानांतलीं पुष्कळ जुनीं शहरें ओस पडत गेलीं असा सिद्धांत रामशरण शर्मा यांनी १९८७ मध्यें विस्तारानें मांडला, आणि त्यावर वादहि झाला. या पडत्या काळांतली एक गोष्ट मंदसोरच्या शिलालेखांत आहे. लाट देशांतले, म्हणजे दक्षिण गुजराथेंतले, रेशमाचे विणकर आपला देश सोडून दशपुराला गेले. तेथें त्यांतले कांहीं धनुर्विद्या शिकले, कांहीं ज्योतिषाकडे वळले, कांहीं विणीतच राहिले. आणि त्यांच्या श्रेणीनें पांचव्या शतकांत तेथें सूर्याचें मंदिर बांधलें, पुढें तें मोडकळीस आलें तेव्हां त्याचा जीर्णोद्धारहि केला. त्या लेखांत श्रेणीचेंच नांव आहे. त्यांचें कसब त्यांच्या बोटांत होतें, माग त्यांचे होते, आणि संघ त्यांच्याबरोबर चालत गेला.

१९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, आणि नंतर त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत परत आलेल्या साचेवाल्याच्या बोटांतहि कसब होतें. तुटलेला धागा तो डोळे मिटून सांधीत असे. पण साचा गिरणीचा होता, गिरणी मालकाची होती, आणि गांवांत सुताचा व्यवहार राहिलेला नव्हता. गांवीं होता तो भाताचा एक तुकडा, त्याच्या बायकोनें तीस वर्षें लावलेला.